निजलं का गं बाळ?

संध्याकाळचे सात. तुळशीपाशी दिवा लावून झालेला, गॅसवर भाताचा कुकर, टीव्हीवर मालिकेचं शीर्षकगीत, आणि नेमकं याच वेळी घरातलं दीड महिन्याचं बाळ टाहो फोडतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंगात ताप नाही, तरी रडं काही थांबत नाही. आजी मीठ-मोहऱ्या उतरवते. आजोबा बाळाला खांद्यावर टाकून खळ्यात फेऱ्या मारतात. शेजारीण कुंपणापलीकडून सांगते, ‘ओव्याचा शेक दे गो पोटाला.’ आणि बाळाची आई, जिने दुपारपासून धड पाठ टेकलेली नाही, तीच रडकुंडीला येते. साडेआठला मुंबईहून नवऱ्याचा फोन. पहिला प्रश्न ठरलेला, ‘निजलं का गं बाळ?’

प्रश्न किती साधा, किती घरगुती! पण मैत्रिणींनो, जरा थांबून बघा. बाळ वेळेवर निजायचं तर संध्याकाळी घरात कोण असतं, आई कामावरून किती वाजता परत येते, तिची रजा किती दिवसांची, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय काय मिळतं, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या पोटात आहे. म्हणून आज पाळण्याबद्दल लिहिताना कायद्याबद्दलही लिहावं लागणार आहे. आणि सुरुवात करावी लागणार आहे एका बाटलीपासून.

ऑक्टोबर २०२५ मधली ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ नावाचं खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. वीसहून जास्त मुलं. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन सापडलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत आणि दुकानातून देऊही नयेत. पाच वर्षांखाली तर एकूणच टाळावीत.

ती मुलं काही झोपावीत म्हणून औषध घेत नव्हती, त्यांना साधा सर्दी-ताप होता, हे आधीच सांगते. पण बातमी वाचताना मला आठवलं ते निराळंच. ‘रात्री फार किरकिर करतं ना, मग अर्धा चमचा सर्दीचं देते, गुपचूप निजतं,’ हे वाक्य तुम्हीही हळदीकुंकवात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर ऐकलेलं असणार. सर्दीच्या बऱ्याच औषधांत गुंगी आणणारा घटक असतो. बाळाची सर्दी नव्हे, आईची रात्र बरी व्हावी म्हणून ती बाटली उघडली जाते. असं बोलणाऱ्या बाईला नावं ठेवणं सोपं आहे. ती का बोलते ते बघू या.

त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्यांचा. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता. तो वेगळा झाला १९८१ साली. पुरुषांबरोबर बायकाही गिरणीत होत्या. सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरणी कामगार बायकांची बाळंतपणाआधीची आणि नंतरची स्थिती तपासली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या माहितीत एक आकडा आहे, तो वाचून आजही हात थरथरतात. या बायकांच्या शंभर बाळांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती! ‘बाळागोळी’ म्हणत तिला. सकाळी गोळी द्यायची, बाळ चाळीच्या खोलीत निपचित पडून राहायचं, आई दिवसभर गिरणीत. संध्याकाळी आई दमून आली की तिला चार तास झोप हवी, म्हणून परत गोळी.

त्या काही निर्दय आया नव्हत्या. आपल्याच पणज्या, खापरपणज्या होत्या. रजा नाही, बाळंतपणाचा पगार नाही, घरी सासू नाही कारण सासू गावाला भातशेती सांभाळत होती. मग बाळाला गप्प ठेवायला गोळीशिवाय दुसरं होतं काय?

या प्रश्नावर उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते. कायदा हवा असं म्हणणारे थोडे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तसंच विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचंच हित आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही या खर्चातून सुटता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. सगळी मिळून सात आठवडे रजा आणि दिवसाला आठ आणे. आज हसू येईल, पण देशातला तो अशा तऱ्हेचा पहिला कायदा.

पुढे १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे मिळाले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सव्वीस आठवडे कायम आहेत. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत त्याला पाजायला दोनदा सुटी, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन बाळाला बघायची मुभा. कागदावर सुरेख.

पण आपल्या जिल्ह्यात बायका काम करतात कुठे? शाळेत, बँकेत, सरकारी कचेरीत ज्या आहेत त्यांना रजा मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. बाकीच्या? काजूच्या छोट्या कारखान्यात बी फोडायला बसणाऱ्या, मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या, मिरकरवाड्याला बोटी लागल्या की टोपली घेऊन धावणाऱ्या, घरी पापड-कुरडया करून विकणाऱ्या. मागच्या वर्षभरात ऐंशी दिवस एका मालकाकडे काम केल्याची नोंद असेल तर कायद्याची रजा. हंगामी कामात ही नोंद कोण ठेवतो? मालकाच्या वहीत बाईचं नाव नसतं, नुसते किलो असतात. आणि टोपलीवालीला तर मालकच नाही. पन्नासाची अट तर अशी की पस्तीस-चाळीस बायकांच्या कारखान्याला पाळणाघराची गरजच नाही, जणू पस्तीस बायकांना बाळं होत नाहीत!

अशा बायकांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला पाच हजार रुपये, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पैसे मिळावेत यासाठी अंगणवाडीताई आणि आशाताई किती धावपळ करतात ते मी बघितलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाच हजारांना सव्वीस आठवड्यांच्या दिवसांनी भागून बघा. दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. त्यात कोणती बाई सहा महिने घरी बसून बाळाची संध्याकाळ सांभाळेल?

आता दुसरी बाजू, घरातल्या माणसांची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. बाहेरचे लोक या आकड्याचं कौतुक करतात. आपल्याला त्याचा अर्थ माहीत आहे, पुरुष मुंबईला आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तर जिल्ह्याची लोकसंख्याच सुमारे ऐंशी हजारांनी घटली. म्हणजे बाळाचा बाप शनिवारी पहाटे कोकणकन्येने उतरणार आणि रविवारी रात्री परत जाणार. आजी आहे, पण आजीचे गुडघे दुखतात आणि गोठ्यातलं तिलाच बघायचंय. आत्या, काकू, मावश्या डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला. पूर्वी तिन्हीसांजेला बाळ चार कडेवरून फिरायचं, आता दोनच कडा उरल्या आहेत. पुस्तकातल्या ‘झोपेच्या दिनचर्ये’चा विचार या घरात बसून करायचा आहे.

कारण पुस्तकं काय सांगतात? साडेसहाला अंघोळ, मग मालिश, मग पाजणं, गाणं, दिवा मंद आणि साडेसातला पाळण्यात. सल्ला वाईट नाही. २००९ साली अमेरिकेत ४०५ आयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज रात्री अंघोळ, मालिश आणि शांत गाणं किंवा मांडीवर घेणं, याच क्रमाने केलं तर सात महिन्यांपुढची बाळं लवकर निजतात, रात्री कमी वेळा उठतात आणि आईचा मूडही सुधारतो, असं त्यात दिसलं. (अभ्यासाला पैसे बाळाचं साबण-तेल विकणाऱ्या कंपनीचे होते, हेही ध्यानात ठेवा. अंघोळ-मालिश त्यात कशी आली ते कळेल!) पण मुद्दा साबणाचा नाहीच. रोज तेच, त्याच क्रमाने, हा खरा मुद्दा. आपल्या घरात अंघोळ-मालिश सकाळी होते, न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हातून. ती सकाळीच राहू द्या. संध्याकाळी कोमट फडक्याने अंग पुसणं, कपडे बदलणं, पाजणं आणि एक अंगाई एवढंही पुरतं. क्रम मात्र मोडू नका, बाळाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो.

आणि वेळ? इथे गंमत आहे. आपल्याकडे तिन्हीसांजेला निजू नये म्हणतात. आजी सातला झोपलेल्या नातवाला हलवून उठवते. २०१० साली सतरा देशांतल्या मुलांच्या झोपेची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात न्यूझीलंडची बाळं सरासरी साडेसातच्या आत झोपत होती आणि हाँगकाँगची सव्वादहानंतर. एकूणच आशियातली बाळं उशिरा झोपतात आणि बहुतेक आईबापांच्या खोलीत झोपतात. म्हणजे तुमचं बाळ नऊला निजत असेल तर आभाळ कोसळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेलं माप असं: तीन महिन्यांपर्यंत चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोप, चार ते अकरा महिन्यांत बारा ते सोळा, दिवसाच्या डुलक्या धरून. ती बेरीज जमते का बघा. आजीशी सात वाजताचं भांडण नको. दिवेलागणीपर्यंत बाळ जागं ठेवायचं आणि आठ-साडेआठला दिवा मालवायचा, हा तोडगा मला तरी दोन्हीकडून बरा वाटतो.

सहा आठवड्यांच्या आसपास बाळ संध्याकाळी सर्वांत जास्त रडतं, आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप कमी होतं. आजी त्याला दृष्ट म्हणते, डॉक्टर कॉलिक म्हणतात. नेमकं कारण डॉक्टरांनाही अजून पुरतं सापडलेलं नाही. मीठ-मोहऱ्या उतरवायला माझी हरकत नाही, तेवढा वेळ बाळ कुणाच्या तरी हातात असतं आणि आईला घोटभर चहा मिळतो. हरकत आहे ती धुरीला. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणीच्या साली टाकून कोंडलेल्या खोलीत केलेला धूर बाळाच्या छातीत जातो. डास मारायची अगरबत्तीही तशीच. आपल्या दमट हवेत डास असणारच; त्याला मच्छरदाणीएवढा चांगला आणि स्वस्त उपाय नाही. गुटीच्या मधाचंही तेच. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात ते गुटीलाही लागू आहे. काजळ तर राहूच द्या, त्यात शिसं निघालेलं आहे.

निजवताना बाळाला पाठीवर निजवायचं. पोटावर बाळ जास्त गाढ झोपतं हे खरं, पण पालथ्या झोपलेल्या बाळाचा झोपेतच अचानक मृत्यू होण्याचा धोका मोठा असतो, हे नव्वदच्या दशकात नीट कळलं आणि तेव्हापासून जगभर हा सल्ला बदलला. आजीने तिची मुलं पालथी निजवली असतील, ती जगली याचा आनंद आहे. लुगड्याची झोळी दुपारी, नजरेसमोर, ठीक. रात्रभर नको, झोळीत बाळाची मान दुमडते. गादी जरा टणक, तोंडाजवळ उशी-दुलई नाही, आणि बाळ आईच्याच खोलीत.

आणखी एक गोष्ट दिव्याची. २००५ नंतरची ती लोडशेडिंगची वर्षं आठवतात? वीज बनवायचा अवाढव्य प्रकल्प आपल्याच गुहागर तालुक्यात, तो २००१ साली बंद पडलेला, आणि आपण कंदील लावून बसलेल्या! त्या अंधाराला शिव्या घालत होतो, पण बाळं त्या अंधारात लवकर निजायची, मला पक्कं आठवतंय. साधारण दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत बाळाला दिवस-रात्र कळत नाही. ती कळायला सकाळचा उजेड आणि रात्रीचा अंधार दोन्ही लागतात. आता घराघरात पांढऱ्या दिव्यांचा झगझगाट, टीव्ही दहापर्यंत, आणि रडणाऱ्या बाळापुढे मोबाइलवर नाचणारी चित्रं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वर्षाच्या आत पडदा अजिबात नको. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. मालिका बघू नका असं मी म्हणणार नाही, दिवसभरात तोच एक अर्धा तास बाईचा असतो. पण बाळ त्या खोलीत नको. आणि मालिकेच्या वेळी बाळ घरातल्या पुरुषांकडे द्यायला काय हरकत आहे? फोनवरून ‘निजलं का’ विचारणाऱ्या बाबाला रविवारी संध्याकाळी गाडी पकडेपर्यंत अंगाई म्हणू दे की. सूर लागला नाही तरी बाळाला चालतं.

सरकारी व्यवस्थेत संध्याकाळ कुणाचीच नाही, हे मात्र जाणवतं. अंगणवाडी दिवसाची, आणि त्यातही तान्ह्या बाळाला तिथे ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायचं ठरलंय, सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी. कारखान्यात पन्नास माणसं आहेत की नाहीत हे न विचारता बाळ ठेवता येईल अशी ही एकच वाट मला दिसते. जिथे काजूचे पाच-सहा छोटे कारखाने जवळजवळ आहेत, तिथे सुटीपर्यंत उघडं राहणारं एक पाळणाघर मागायला हवं. ग्रामसभेत हा विषय बाईनेच काढावा लागेल, कारण रस्ता आणि गटार यांच्या पुढे विषय जात नाही.

घरापर्यंत येते ती आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने यायचं असतं. २०१८ पासून पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनीही. या घरभेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं आणि मग देशाने ही पद्धत उचलली. तेव्हा ताई आली की चहा देऊन वाटेला लावू नका. बाळाच्या झोपेबद्दल, रडण्याबद्दल तिला विचारा.

आणि एक विचाराच, कारण यात गफलत होते. पहिल्या महिन्यात रडणाऱ्या बाळाची आपल्याला काळजी वाटते आणि निपचित बाळाचं कौतुक. ‘किती गुणी, रडतच नाही हो!’ पण जे बाळ पाजायच्या वेळेला उठत नाही, उठवलं तरी ओढून पीत नाही, हातापायाला गार लागतं किंवा अंग तापलेलं आहे, जोरजोरात श्वास घेतंय, ते गुणी नव्हे, आजारी असू शकतं. अशा वेळी सकाळची पहिली एसटी कधी आहे ते बघत बसायचं नाही. बाळाला छातीशी उघड्या अंगाला धरून वरून पांघरूण घ्यायचं आणि १०८ किंवा १०२ ला फोन लावायचा. दोन्ही गाड्यांना पैसे पडत नाहीत, आणि रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायला लाजायचं नाही.